१९:१९:१९ : पालवीला पैकीच्या पैकी, फुलांना काठावर पास

गुलाबाला फुलं येत नाहीत म्हटलं की कृषी सेवा केंद्रात हमखास १९:१९:१९ची किलोची पिशवी पुढे येते. खत उत्तमच आहे, फक्त ते फुलांचं खत नव्हे.

पाण्यात पूर्ण विरघळतं, गाळ राहत नाही. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) तिन्ही १९ टक्के. नत्राचा मोठा वाटा युरियाच्या रूपात, त्यामुळे पालवी जोरात फुटते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर गुलाबाला नेमकं हेच हवं असतं. फांदीवरचे डोळे (अंकुर) फुगले की लिटरला २ ग्रॅम, बारा इंची कुंडीला साधारण एक लिटर, १५ दिवसांनी पुन्हा. चहाचा सपाट चमचा म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम. 'एक लिटरला एक चमचा' हा सर्रास ऐकू येणारा सल्ला अडीचपट डोस आहे. कळ्या दिसल्यावरही हेच चालू ठेवलं तर फांद्या नुसत्या लांबतात, पानं लुसलुशीत होतात आणि मावा (रस शोषणारी कीड) ठरलेलाच. तिथून पुढे १३:००:४५ (नत्र कमी, स्फुरद नाही, पालाश भरपूर), लिटरला १ ते दीड ग्रॅम. अर्थात पाच-सहा तास ऊन नसेल तर कुठलंच खत फुलं आणणार नाही.

जास्वंदीला मात्र हे खत सतत देऊ नये. तिला स्फुरद कमी लागतं. ते साचलं की लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर आणखी खत ओतणं म्हणजे आगीत तेल. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं.

१९:१९:१९मध्ये कॅल्शियम नाही, ही कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंड्यांत मोठी उणीव. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी द्यावं. एकाच बादलीत मिसळलं की पाणी दुधाळ होऊन दोन्ही खतं वाया.

सुक्या मातीत ओतू नये, आधी साधं पाणी. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर क्षार साचलेत: कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सोडून खालून निथळू द्यावं.

पावसाळ्यात उघड्या पिशवीचा दगड होतो. कस जात नाही, पण चमच्याचं माप चुकतं, म्हणून घट्ट झाकणाची बरणी हवी. दहा कुंड्यांना महिन्यातून दोनदा दिलं तरी किलोभर दोन वर्षं पुरतं. सुटं भरलेलं पाकीट घ्यायचं असेल तर त्यावर टक्केवारी छापलेली आहे का, तेवढं बघावं.