थंडीतल्या वाचनासाठी आमच्या तालुक्याचं वाचनालय : पाचपैकी चार स्टार

दिवाळी संपली की मोबाईलवर "या हिवाळ्यात वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं" टाईप याद्या फिरायला लागतात, आणि आपण पण लगेच त्यातली दोन-तीन ऑनलाईन मागवून टाकतो. माझं म्हणणं एवढंच की मागवायच्या आधी एकदा आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन कपाटासमोर अर्धा तास उभं राहून या. मी लातूर जिल्ह्यातली आहे, हा रिव्ह्यू आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा आहे. नाव लिहीत नाही कारण खाली दोन तक्रारी पण लिहिल्यात आणि तिथं काम करणारी माणसं फार चांगली आहेत, त्यांना उगीच ताप नको. तसंही महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गात सरकारमान्य वाचनालयं गावोगाव आहेत, म्हणजे मी सांगते तसलं एखादं तुमच्याजवळ पण असणारच, बसस्टँडमागं नाहीतर नगरपालिकेच्या बिल्डिंगमधी बघा.

आता थंडीसाठी वेगळी पुस्तकं कशाला, असं कोणी विचारलं तर आपल्याकडची थंडी बघा. दुपारी ऊन चांगलं लागतं पण सहाला अंधार पडला की गारठा चालू, साडेसातला जेवणं उरकतात, आणि मग पुढं रात्र केवढी तरी मोठी. त्यात रब्बीचं पाणी. शेतीची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात आमचे हे हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला मध्यरात्री रानात जातेत आणि मला घरी ते येईपर्यंत झोप येत नाही. साप-किरडू, डुकरं, सगळं डोक्यात येतं. टीव्ही लावला तर लेकरं उठतेत, मोबाईलनं डोळे दुखतेत. अशा वेळी पुस्तकच लागतं, आणि पुस्तक पण असं लागतं जे हातातून सुटत नाही. उन्हाळ्यात मी दोन पानं वाचून पेंगते, तेव्हा कसलंही चालतं. थंडीत चालत नाही.

या वाचनालयातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते, ही कुठल्याच ऑनलाईन साईटवर मिळत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, परतीच्या तारखेचे शिक्के मारलेली, ती बघायची. आधी मी कव्हर बघून पुस्तक उचलायचे, ग्रंथपाल काकांनी एकदा स्वतःहून चिठ्ठी उघडून दाखवली आणि म्हणाले, "ताई, कव्हर छापणारा छापतो, हे मात्र आपल्या गावच्या लोकांनी लिहिलंय." खरंच आहे. काही पुस्तकांच्या चिठ्ठीवर वर्षाला एखादा शिक्का असतो, तो पण फिकट. आणि काही पुस्तकांवर डिसेंबर, जानेवारी, परत डिसेंबर, परत जानेवारी असे जांभळे शिक्के एकावर एक पडलेले, जुनी चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर नवीन चिकटवलेली, तिच्यावर आणखी एक, हाताला जाड लागती ती जागा. दोन शिक्क्यांमधलं अंतर चार-पाच दिवसांचं असलं की समजायचं, लोकांनी मुदत संपायच्या आत वाचून आणून दिलंय. असं पुस्तक डोळे झाकून घरी न्या. मी तर आता असंच निवडते आणि फारसं वाईट निघालं नाही.

अशीच एक जाड चिठ्ठी बघून रा. रं. बोराडेंचं 'पाचोळा' आणलं होतं. १९७१ ची कादंबरी, बोराडे आपल्याच जिल्ह्यातले, काटगावचे. गंगाराम नावाच्या शिंप्याच्या घरची गोष्ट आहे आणि ती सगळी त्याची बायको पारबती सांगती, आपल्या बोलीत. आमच्या आत्यांना (सासूबाईंना) बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी मोठ्यानं वाचत होते, त्या चुलीपाशी शेंगा सोलत बसल्या होत्या. दोन-तीन पानं झाल्यावर हात थांबला त्यांचा आणि म्हणाल्या, "ही तर आपल्यासारखीच बोलायली की गं, हे पुस्तकात चालतंय व्हय?" मग रोज जेवणं झाली की त्याच म्हणायच्या, आण ते, पारबतीचं काय झालं बघू. शेवट फार जड आहे, आधीच सांगते. पण आवडायला पुस्तक गोडच असावं लागतं असं मला वाटत नाही, घरातलं सगळं माणूस एका जागी बसून ऐकतंय आणि मधी कोणी उठत नाही हा आनंद केवढा मोठा आहे. याद्या करणाऱ्यांनी मोठ्यानं वाचायला चांगलं कोणतं हे पण लिहायला पाहिजे, आपल्याकडं अजून किती तरी घरात एकच जण वाचतो आणि बाकीचे ऐकतेत.

ह्यांच्यासाठी मात्र कादंबरी चालत नाही. रानात दारं धरायची असतेत, एक वाफा भरला की उठून दुसरीकडं पाणी वळवायचं, मधी जो वेळ मिळतो त्यात आगटीपाशी बसून बॅटरीच्या उजेडात वाचायचं. त्याला कथाच पाहिजेत. काकांना हे सांगितलं तर त्यांनी आसाराम लोमटेंचं 'आलोक' काढून दिलं, २०१६ ला साहित्य अकादमी मिळालेलं, लेखक परभणी जिल्ह्यातले. लोमटेंच्या कथा तशा लांब आहेत, एका वाफ्यात होत नाहीत, पण ह्यांना त्या इतक्या लागल्या की एका रात्री पाणी फुटून बांधाकडं गेलं तरी लक्ष नव्हतं असं स्वतःच सांगत होते. गावातलं राजकारण, शिकलेल्या पोरांची तगमग, शेतकऱ्याची अडवणूक, जे रोज बघतो तेच आहे. तरी वाचताना नवीन वाटतं.

'बनगरवाडी' तर काय, व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची. नवीन मास्तर पहाटेच्या अंधारात चालत चालत वाडीला निघालाय तिथंच सुरू होती. पातळ पुस्तक आहे, येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या सणाच्या) आधी एका रविवारी गच्चीवर उन्हात पाठ शेकत बसलात तर संध्याकाळपर्यंत होतं. ज्यांना वाचायची सवय मोडलीय त्यांनी इथून सुरुवात करा, पाचशे पानांचं उचलू नका.

लेकीसाठी (आठवीला आहे) शांता शेळक्यांची 'चौघीजणी' आणली. मूळ इंग्रजी कादंबरी १८६८ ची, अमेरिकेतली, ल्युइसा मे अल्कॉटची. सुरुवातच नाताळच्या थंडीत चार बहिणी शेकोटीपाशी बसल्यात अशी आहे, म्हणून डिसेंबरमधी वाचायला एकदम बरोबर. शांताबाईंचं मराठी इतकं आपलं आहे की भाषांतर वाचायलोय असं वाटतच नाही. आता तिला 'पाडस' पाहिजे, राम पटवर्धनांनी केलेलं, ते पण अमेरिकेतलंच, फ्लोरिडाच्या जंगलातलं पोरगं आणि हरणाचं पिल्लू. ते आमच्याकडं एकच प्रत आहे आणि सारखी बाहेरच असती, नंबर लावून ठेवलाय.

पुस्तक निवडताना बांधणी पण बघा, हे कोणी सांगत नाही. थंडीत आपण वाकळीत शिरून वाचतो, एक हात आत, एक बाहेर. नवीन पेपरबॅक गोंदानं चिकटवलेलं असतं, एका हातानं उघडं राहत नाही, जोर लावला की मधूनच पानं सुटतेत. वाचनालयातली जुनी पुस्तकं पुठ्ठा घालून, पाठीला कापड लावून, दोऱ्यानं शिवलेली असतात, मांडीवर नाहीतर उशीवर ठेवली की सपाट उघडी राहतात. पानं पिवळी झालेली असतात, ते बल्बच्या उजेडात डोळ्याला बरंच वाटतं. फक्त आणल्यावर एकदा दुपारच्या उन्हात झटकून घ्या, जुन्या कागदाची धूळ असती, दमा असलेल्या माणसानं तर नक्की.

दिवाळी अंकाचं वेगळं सांगते. दिवाळी अंकाची पद्धत १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, म्हणजे शंभर वर्षांच्या वर झाली, आणि एकेक अंक आता तीन-चारशेला जातो, कोण किती घेणार. इथं दिवाळी अंकाची वेगळी वर्गणी भरली की मार्चपर्यंत सगळे अंक आळीपाळीनं मिळतात. माझ्या मते थंडीत पैसे वसूल करणारी सगळ्यात भारी स्कीम हीच आहे. कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, सगळं एकात, आणि कोणता लेखक आवडतो ते पण कळतं, मग त्याचं पुस्तक मागायचं.

आता एक स्टार का कापला ते. पहिलं म्हणजे वेळ. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे ज्या बाईला दुपारचाच वेळ मिळतो तिनं काय करायचं? संध्याकाळी स्वयंपाक असतो, सकाळी डबे. कमिटीनं आठवड्यातून दोन दुपारी तरी उघडं ठेवावं, मी रजिस्टरमधी लिहून पण आलेय. दुसरं, नवीन पुस्तकं फार उशिरा येतात. अनुदान हप्त्यानं येतं आणि त्यातनंच पगार, लाईट बिल, पुस्तकं सगळं भागवायचं, हे काकांनी सांगितलं आणि मला पटलं पण, तरी वाचकानं थांबायचं किती. उदगीरला २०२२ ला साहित्य संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलवर केवढी गर्दी होती, आपल्या भागात वाचणारी माणसं आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचायला पाहिजे. आणि ज्यांनी दिवाळी अंकातलं रेसिपीचं पान ब्लेडनं कापून नेलंय त्यांनी असं करू नका हो, फोटो काढता येतो मोबाईलवर.

बाकी काकांबद्दल बोलावं तेवढं कमी. ते आधी विचारतेत, घरात कोण कोण वाचतं, रात्री वाचता का दुपारी, याआधीचं कोणतं अर्धं सोडलं. अर्धं सोडलेलं विचारणारा माणूस मी दुसरीकडं बघितला नाही. मी एक ऐतिहासिक कादंबरी सोडली होती, लढाईच्या वर्णनांनी कंटाळले होते, तर त्यांनी पुढं होऊन दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' दिलं आणि म्हणाले सगळं एकदम वाचू नका, महिन्यावार लिहिलंय, मार्गशीर्षात मार्गशीर्ष वाचा, पौषात पौष. तसंच करायलेय. सकाळी तुरीच्या रानात धुकं उतरलेलं असतं, ते बघून आलं की तेवढंच पान परत वाचते.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : आधारची झेरॉक्स आणि एक फोटो लागतो, अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, महिन्याची वर्गणी एका चहा-नाष्ट्याएवढी. येळवशीच्या दिवशी अख्खा गाव रानात असतो, त्या दिवशी बंद असतं, तेव्हा रानात न्यायचं पुस्तक दोन दिवस आधीच घेऊन ठेवा. आणि दिवाळी अंकाची वर्गणी भरायची असेल तर लवकर भरा, आमच्याकडं त्याचे सभासद मोजकेच घेतात.