होडीच्या ट्रेलरला पिनचा हूक की बॉल हिच? आठ महिन्यांनंतर

मांद्रेहून शापोरा नदीवर होडी नेणं-आणणं, एवढंच माझं काम. सतरा फुटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, ट्रेलर धरून सगळं सहाशे किलोच्या आसपास. म्हणून ऑगस्टमध्ये बोलेरोला ट्रॅक्टरसारखा पिनचा हूक लावून घेतला. स्वस्त आणि दणकट.

सपाट रस्त्यावर तो चालला, फक्त ब्रेक मारला की मागून दणका बसायचा, कारण पिन आणि भोकात मोकळीक असते. खरी पंचाईत होडी पाण्यात सोडायच्या उतरणीवर. सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी ट्रेलर खाली झुकतो, गाडी वर सपाटच राहते. पिन आजूबाजूला वळू देते, वर-खाली फारसं नाही. एकदा सगळा ताण पिनवर आला, ती वाकली आणि निघेना. हातोडीने ठोकेपर्यंत भरतीचं पाणी चाकांवर चढलं. घरी येऊन वाकून पाहिलं तर गॅरेजवाल्याने हूक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, न घेता बंपरच्या पट्टीला जोडलेला, आणि वेल्डिंगला केसाएवढी चीर. त्या दिवशी फार राग आला.

ऑक्टोबरपासून बॉल हिच आहे, म्हणजे गाडीमागे लोखंडी गोळा, चासीला नटबोल्टने कसलेली. ट्रेलरच्या टोकाचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी वाटी, सगळीकडे वळतो, त्यामुळे उतरणीची भीती गेली, दणकेही जवळपास थांबले. घेताना माप मात्र बघाच. ५० मिमी आणि २ इंच डोळ्याला सारखेच दिसतात, पण २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. ५० च्या बॉलवर २ इंची कपलर खुळखुळतो. कपलर लावला की मी जॉकी व्हीलने (ट्रेलरच्या पुढचं, वर-खाली होणारं छोटं चाक) ट्रेलर थोडा वर उचलतो. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तरच तो नीट बसला. सेफ्टी चेन खालून फुली मारून.

तरीही चोपडेच्या पुलावर ट्रेलर डुलायचाच. इंजिन मागे, म्हणून पुढे भार कमी. घरातल्या वजनकाट्यावर ट्रेलरचं पुढचं टोक टेकवलं: २० किलो. होडी ट्रेलरवर ओढायच्या विंचचा खांब सरकवून होडी पुढे घेतली, आता ५५ आहे. डुलणं थांबलं. हे आधी करायला हवं होतं.

कडी अडकवायचे जाड हूक मोठ्या, जड ट्रेलरला ठीक, होडीला नकोत.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर बॉल गोड्या पाण्याने धुतो, जुनं ग्रीस पुसून नवं लावतो. जुन्या ग्रीसला चिकटलेली वाळू पॉलिश पेपरसारखी घासते. बॉलवर अजून गंज नाही. कपलरच्या स्प्रिंगवर मात्र चढलाय, ती पावसाआधी बदलणार आहे.