अक्षरं हाताशी, शब्द सापडेना: वनलुक वापरून पाहिलं तेव्हा

स्क्रॅबलच्या पटावर मी क्यू-ओ-पी-एच अशा चार सोंगट्या लावल्या आणि लेकीने लगेच विचारलं, "आई, याचा अर्थ काय?" मला सांगता येईना. शब्द खरा होता, खेळाच्या कोशातही होता. पण मी तो एका वेबसाइटवरच्या यादीतून नुसता पाठ केला होता. क्यू असलेल्या पण यू नसलेल्या शब्दांची ती लांबलचक यादी होती, आणि एकाही शब्दापुढे अर्थ नव्हता. लेक म्हणाली, "मग तो तुझा शब्द नाहीच." मी सोंगट्या उचलल्या. तेव्हापासून घरात नियमच झाला: अर्थ सांगता आला तरच गुण.

त्यानंतर अक्षरांवरून शब्द शोधून देणारं, पण अर्थापर्यंत नेणारं काहीतरी मी शोधत होते. दोन-तीन ठिकाणी फिरून वनलुकवर स्थिरावले. 1996 पासून चालू असलेली ही साइट एकाच वेळी बऱ्याच शब्दकोशांत शोध घेते. सापडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ समोर येतो.

वापरायची रीत दोन चिन्हांत सामावली आहे. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि स्टार म्हणजे कितीही अक्षरं. एखादं अक्षर नको असेल तर शेवटी वजाचं चिन्ह टाकून ते लिहायचं. मी पहिला शोध अर्थातच त्या क्यूचा घेतला: स्टार, क्यू, स्टार, वजा, यू. इंग्रजी स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत क्यू एकच असतो आणि त्याचे 10 गुण मिळतात. हातात क्यू आहे आणि यू नाही, ही अडचण हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. यादी पुढे आली आणि मी एकेक शब्द उघडून वाचत गेले. कोफ, म्हणजे माझा तो क्यू-ओ-पी-एच, हे हिब्रू वर्णमालेतलं एक अक्षर. ची, म्हणजे क्यू-आय, ही चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यू-ए-टी हे पानं चघळण्यासाठी लावलं जाणारं झुडूप. हे शब्द क्यूच्या मागे यू का लावत नाहीत, हे अर्थ वाचताना आपोआप उलगडलं. ते हिब्रू, चिनी, अरबी अशा भाषांतून आले आणि तिथला उच्चार रोमन लिपीत उतरवताना नुसता क्यू वापरला गेला. नुसती यादी शंभरदा वाचूनही हे मला कळलं नसतं. आता ते शब्द विसरणं शक्य नाही.

शब्दकोड्यासाठी मला याहूनही आवडलेली सोय म्हणजे अपूर्णविराम. आधी अक्षरांचा साचा, मग अपूर्णविराम, मग अर्थाचा धागा. परवा पाच अक्षरी शब्द हवा होता, सुरुवातीला एच, शेवटी एन. नुसता साचा दिला की ह्यूमन, हेवन असे कितीतरी शब्द येतात. पुढे 'बर्ड' जोडल्यावर हेरॉन हाती लागला, म्हणजे बगळा. माझी आठवण अशीच चालते: शब्दाचं पहिलं अक्षर आठवतं, शेवट आठवतो, साधारण अर्थही आठवतो, फक्त शब्द जिभेवर येऊन अडतो. हे साधन नेमकं तेवढंच मागतं, जेवढं माझ्याकडे असतं.

उलटसुलट अक्षरं जुळवायची असतील तर आधी दोन तिरप्या रेघा (//) द्यायच्या. 'लिसन'ची सहा अक्षरं टाका, त्यांतूनच सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल बाहेर येतात. ऐकणं आणि गप्प राहणं एकाच सहा अक्षरांचं, हे पाहून लेक दिवसभर खूश होती.

तिचा एक प्रश्न मात्र सांगायलाच हवा. 'ड्रेम्ट' लिहिताना ती थांबली आणि म्हणाली, "एम-टी असा शेवट दुसऱ्या कुठल्या शब्दाला आहे?" आम्ही स्टार आणि पुढे एम-टी टाकलं. यादी तर बरीच आली, पण त्यात ग्रीनिच मीन टाइमसारखी लघुरूपंच जास्त. ती बाजूला सारत गेलो. उरले ते ड्रेम्ट, अनड्रेम्ट, डेड्रेम्ट, म्हणजे सगळी एकाच 'ड्रीम'ची पोरं. हे तिने स्वतः ओळखलं, मी तोंड उघडलं नव्हतं. अर्थ शेजारी नसते तर ही नाती तिला दिसली नसती.

त्या लघुरूपांवरून एक सांगते. इतके कोश एकत्र धुंडाळले जातात म्हणून निकालांत माणसांची, गावांची नावं आणि लघुरूपंही येतात. स्क्रॅबलमध्ये विशेषनाम चालत नाही, तेव्हा पटावर मांडण्याआधी खेळाच्या कोशात शब्द तपासून घ्यावा. वर्डलसारख्या पाच अक्षरी खेळालाही वजाचं चिन्ह उपयोगी आहे, पण मी ते खेळ संपल्यावरच वापरते. आणखी कुठले शब्द बसले असते, हे तेव्हा पाहायला मजा येते.

ज्यांना खेळाच्या मध्येच झटपट सर्वाधिक गुणांचा शब्द हवा आहे, त्यांनी गुण मोजून देणारं दुसरं साधन घ्यावं. पण घरात स्पेलिंग शिकणारं मूल असेल, किंवा कोडं सोडवताना शब्दाचा अर्थही जाणून घ्यायची ओढ असेल, तर मी हेच सुचवीन.

काल लेकीने नवा शोध मागितला: तेच अक्षर दोनदा, अशा तीन जोड्या एकापाठोपाठ असलेला शब्द. 'कुठलीही जोडी' असं सांगणारं चिन्ह मला सापडलं नाही, म्हणून आम्ही ओ-ओ, के-के, ई-ई अशी अक्षरंच लिहिली आणि दोन्ही बाजूंना स्टार लावले. बुककीपर आला. अर्थ तिने मोठ्याने वाचला, हिशेब लिहिणारा, आणि वहीत उतरवून घेतला.