एअर पिस्तूल शिकायला निघालात? होल्स्टर राहू द्या, आधी छर्रे बघा

पोराला नेमबाजीच्या क्लबात घातलं की दुकानात पहिली विचारणा होते होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल कमरेला अडकवायच्या खोळीची. होल्स्टर लागतो तो आयपीएससी प्रकारात, जिथे कमरेचं पिस्तूल काढून, जागा बदलत लक्ष्य टिपायचं असतं. आपल्याकडं, मग संभाजीनगर असो की लातूर, नवशिक्यानं धरायचं ते १० मीटर एअर पिस्तूल. ते पेटीतून निघतं, टेबलावर राहतं आणि एका हातानं उचललं जातं. होल्स्टरचे पैसे त्यामुळे वाचतात. पहिले सहा महिने क्लबचंच पिस्तूल वापरा आणि ते पैसे अंगावरच्या साहित्यात आणि छर्‍यांत घाला.

बूट शाळेच्या पीटीचे, सपाट तळाचे कॅनव्हासचे पुरतात. घोटा झाकणारा बूट पिस्तूल प्रकारात चालत नाही. पळायचे जाड फोमचे बूट नियमात बसले तरी घेऊ नका. टाच फोममध्ये रुतते आणि अंग सारखं डुलत राहतं.

नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढच्या झापडीवर तर पैसे घालवूच नका. दुधी रंगाच्या प्लास्टिक फाइलची ३० मिलिमीटर रुंद पट्टी कापा आणि टोपीला किंवा चष्म्याला चिमट्यानं अडकवा. समोरच्या झापडीला ३० मिलिमीटर हीच मर्यादा आहे. काळी पट्टी नको. झाकलेल्या डोळ्याला अंधार मिळाला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, धूसर दिसू लागते. एक डोळा मिटून नेम धरायची सवय लागली असेल तर ती आताच मोडा, अर्ध्या तासात चेहरा आखडतो.

नळीतून आरपार जाणारी नारंगी सुरक्षा-दोरी सक्तीची आहे. शेती अवजारांच्या दुकानात ग्रासकटरची नायलॉन तार मिळते, त्यातली २.४ मिलिमीटरची नारंगी घ्या. तिचं एक टोक नळीच्या तोंडातून बाहेर आणि दुसरं मागून दिसलं पाहिजे. हीच दोरी ‘शूटिंग अ‍ॅक्सेसरी’ म्हणून कितीतरी महाग विकतात.

आता छर्रे. स्पर्धेत ६० गोळ्या असतात. त्याआधीच्या सरावाच्या वीस-पंचवीस धरल्या तर एका बैठकीला ८५ लागतात. ५०० ची डबी सहा बैठकांत संपते, म्हणजे आठवड्याला तीन दिवस जाणार्‍याला दर पंधरवड्याला नवी डबी. वर्षाचा खरा खर्च हा आहे, आणि घरात बोलून घ्यायचा तोही हाच. सरावाला आरडब्ल्यूएस कंपनीचा हॉबी छर्रा चांगला. वजन ०.४५ ग्रॅम, भोक कागदावर स्वच्छ कापतो, आणि नवशिक्याच्या हाताची थरथर छर्र्या-छर्र्यातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी असते. आरडब्ल्यूएसचाच आर१० किंवा एच अँड एन फिनाले मॅच हे स्पर्धेचे छर्रे. गोळ्या सातत्यानं नऊच्या वर्तुळाच्या आत पडायला लागल्या की मग घ्या. त्याआधी घेतलेली महाग डबी वाया जाते.

डबी कुरिअरनं मागवली असेल तर उघडल्याबरोबर तपासा. काचेच्या तुकड्यावर दहा-वीस छर्रे आडवे घरंगळवा. चांगला छर्रा एका वळणात सफाईनं फिरतो, मागची झालर चेपलेला गचके खातो. चेपलेले बाजूला काढून पहिल्या, हात मोकळा करायच्या गोळ्यांना वापरा. छर्रे शिशाचे असतात. पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर त्यावर पांढरी भुकटी धरते, असे छर्रे टाकून द्या. आणि हात साबणानं धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका, लहान मुलांच्या बाबतीत यात अजिबात ढिलाई नको.

पिस्तूल स्वतःचं घ्यायची वेळ आली की ग्रिप आधी बघा, कंपनी नंतर. ग्रिप डाव्या-उजव्या हाताची वेगळी असते आणि मापं एक्सएसपासून एलपर्यंत. ती हाताला जुळवायची रीत अशी: पिस्तूल रिकामं, तळहाताला निळा खडू, आठ-दहा वेळा उचलून धरा. रंग लागला नाही तिथं पोकळी आहे, ती लाकडाच्या पुट्टीनं भरा. जिथं रुततं तिथं आधी ८० नंबरच्या, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. मग डोळे मिटून हात उचला आणि उघडा. माशी मागच्या खाचेत आपोआप बसली तर जुळलं. दर वेळी एकाच बाजूला पळत असेल तर पुन्हा पुट्टी. मोह होतो सगळीकडे थर चढवायचा, पण पिस्तूल तपासणीच्या ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं. ५० ची रुंदी पुट्टीनं सहज ओलांडते आणि साहित्य तपासणीत पिस्तूल परत येतं. व्हर्नियरनं मोजत चला. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप मात्र घासायची नाही.

स्टायर एलपी २ ही सुरुवातीची शहाणी खरेदी. एलपी १० मधला धक्का शोषणारा भाग तिच्यात नाही, पण नवशिक्याला तो फरक जाणवतही नाही. मोरिनी १६२ ईआयचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर सुरेख आहे, पण बिघडला तर गावाकडं दुरुस्त करणारा मिळणं अवघड. त्याऐवजी यांत्रिक ट्रिगरची एमआय बघा. काही हजारांतली स्प्रिंगची, नळी मोडून भरायची पिस्तुलं स्पर्धेला घेऊ नका. ट्रिगर जड, झटका मोठा, आणि हाताला लागलेली वाईट सवय सुटता सुटत नाही. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही.

या पिस्तुलांना दाबलेल्या हवेचं सिलिंडर असतं, त्याची काळजी मराठवाड्यात जास्तच घ्यावी लागते. २५ अंशाला २०० बार भरलेलं सिलिंडर उन्हातल्या गाडीत ६५ अंशाला तापलं तर दाब २२७ च्या आसपास जातो. मे महिन्यात पेटी गाडीत सोडू नका. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारच देतो, तो उपयोगाचा नाही. वेल्डिंगचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन तर चुकूनही भरू नका. तेलाचा अंश असला की स्फोट होतो. हातपंप घ्यायचा तर ओल शोषणारा फिल्टर असलेलाच, आणि मध्ये थांबत थांबत मारा, कारण तापलेला पंप आतली रिंग खातो.

जुनं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा, दहा वर्षं उलटली की ते बाद. मग गळती बघायला २०० बार भरून ठेवा आणि दाबाचा काटा दुसर्‍या दिवशी त्याच वेळेला बघा, रात्रीच्या गारव्यानंही तो थोडा उतरतो. शेवटी ट्रिगर. नियमाप्रमाणे तो सुटायला किमान ५०० ग्रॅम वजन लागायला हवं. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन आणि तारेचा आकडा, दोन्ही मिळून सराफाच्या काट्यावर ५१५ भरवून घ्या. रिकामं पिस्तूल कॉक करा, नळी सरळ वर धरा, आकडा ट्रिगरच्या मधोमध अडकवा आणि वजन जमिनीवरून सावकाश उचला. वजन अधांतरी असताना ट्रिगर सुटला नाही, तर ते पिस्तूल घ्यायला हरकत नाही.