बौद्धिक अक्षम प्रौढांसाठी कोविडच्या बूस्टर डोसची सरकारी सोय: पाचपैकी अडीच

आधी एक घोळ. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अक्षमता. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, हा प्रकारच वेगळा. त्यामुळे तिकडचा लसीचा प्राधान्यक्रम वाचून इथे डिस्लेक्सियाचा दाखला दाखवून काहीच मिळणार नव्हतं.

मार्च 2021 मध्ये 45 ते 59 वयासाठी जी 20 व्याधींची यादी आली, तिच्यात बौद्धिक अक्षमता होती. बूस्टरच्या वेळी मात्र वयच आडवं आलं. 10 जानेवारी 2022 पासून 60 च्या पुढच्या सहव्याधीवाल्यांना डोस. तिशीतल्या डाऊन सिंड्रोमच्या माणसाने 10 एप्रिलपर्यंत थांबायचं, तेही खासगीत: लसीचे 225 रुपये, वर सेवाशुल्क 150 पर्यंत. फुकट डोस 15 जुलैपासून, 75 दिवस. डाऊनमध्ये म्हातारपण लवकर येतं, तिथे साठीची अट कशाला? ब्रिटनने 18 वर्षांवरच्या डाऊनवाल्यांना लसीकरण सुरू होण्याआधीच, नोव्हेंबर 2020 मध्ये, अतिजोखमीत धरलं होतं.

अडीच गुण कशाचे? यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी कार्ड, ओळखपत्र म्हणून चालायचं, घराजवळच्या केंद्रांची आणि घरी येऊन लस देण्याची तरतूद होती. पण कोविशील्डच्या एका कुपीत 10 डोस, आणि उघडली की काही तासांत संपवायची. नाशिकच्या सिडकोतल्या एका माणसासाठी कुपी फोडायची म्हणजे उरलेले नऊ जण जवळपासच शोधायचे. घरपोच सोय इथेच अडखळायची. लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर एका मोबाइलवर आधी चारच नावं, नंतर सहा; वसतिगृहवाल्यांची पंचाईत ठरलेली.

फ्लूच्या लसीत हा कुपीचा त्रास नाही. 0.5 मिलिची एका डोसची भरलेली सिरिंज येते. दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यावी. नाशिकमध्ये खासगी डॉक्टरांकडे जात असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, गाडीतच टोचता येईल का ते फोनवर विचारून ठेवा आणि अर्ध्या बाहीचा शर्ट घाला. सुईची धास्ती असेल तर डॉक्टरांना विचारून बधिर करणारं मलम तासभर आधी दंडावर लावा, वर प्लास्टिक चिकटवा. नुसतं चोळून दहा मिनिटांत ते काम करत नाही. फिटची गोळी चालू असेल तर त्या दिवशीही वेळेवरच द्या. घाईगडबडीत नेमकी तीच राहते.