बाटलीतला ग्रीन टी की किटलीतला सेन्चा?

जपानमध्ये ग्रीन टीची बाटली पाण्याच्या बाटलीइतकीच सर्रास मिळते. स्टेशनावरच्या मशीनमध्ये नाणी टाकायची की झालं. इतो एन कंपनीने १९८५ मध्ये कॅनमधला आणि १९९० मध्ये बाटलीतला हिरवा चहा आणला. साखर नसते, पण चहा टिकावा म्हणून व्हिटॅमिन सी घालतात. उन्हाळ्यात थंडगार प्यायला झकास. वास मात्र यथातथाच.

सुट्या पानांच्या सेन्चाची (हा जपानी ग्रीन टीचाच एक प्रकार) गोष्टच वेगळी. उकळतं पाणी ओतलंत तर कडू झालाच म्हणून समजा (आपली आल्याच्या चहाची सवय इथे नडते). ७०-८० अंशांचं पाणी, मिनिटभर दम धरायचा, मग शेवटचा थेंबही कपात निथळू द्यायचा. सुईसारखी वळलेली पानं उलगडतात, ताज्या गवतासारखा वास सुटतो. त्याच पानांवर दुसरा कपही निघतो. मी घरी पानंच वापरतो. फक्त चोथा सिंकमध्ये तुंबतो.