नव्याने धावणाऱ्यांसाठी जीपीएस घड्याळ: कशासाठी घ्यावं, कशासाठी नाही

वय 48. धावायला लागून अजून वर्ष व्हायचं आहे. हे घड्याळ मी एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी घेतलं होतं: धाप न लागता, मधेच थांबावं न लागता, मला कोणत्या वेगाने धावता येईल? कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही घड्याळाला लागू पडेल. जीपीएस, मनगटावरून हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर, कडेला बटणं आणि फोनमधलं अ‍ॅप, असा हा सगळा संच.

मत आधीच सांगून टाकते. घड्याळ कामाचं आहे आणि मी ते रोज वापरते. पण त्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नाही, निदान पहिल्या काही महिन्यांत तरी नाही.

सुरुवात पेसच्या आकड्यापासून करू, कारण नवा माणूस सगळ्यात आधी तोच बघतो. एक किलोमीटरला किती मिनिटं, हे घड्याळ धावता धावता दाखवत राहतं. मी एकाच लयीत धावत असते आणि आकडा मात्र 7:20 वरून 9:10 वर आणि तिथून पुन्हा 8:00 वर उड्या मारतो. यामागे साधं गणित आहे. किलोमीटरला 8 मिनिटं 20 सेकंद या वेगाने आपण एका सेकंदात बरोबर 2 मीटर पुढे जातो. जीपीएसने सांगितलेली जागा काही मीटर इकडेतिकडे असणं नेहमीचंच, झाडीत आणि उंच इमारतींमध्ये तर जास्तच. जितकं हळू धावाल तितकी ही चूक तुमच्या अंतराच्या मानाने मोठी ठरते. आकडा फार नाचू नये म्हणून घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढतं, त्यामुळे तो उशिरानेही येतो. म्हणजे ज्याला या आकड्याची सगळ्यात जास्त गरज वाटते, त्या हळू धावणाऱ्यालाच तो सगळ्यात कमी भरवशाचा मिळतो. त्याच्या मागे लागून कधी पाय उचलायचे, कधी आवरायचे, असं करत बसलं की लय जमतच नाही.

यावर उपाय घड्याळातच आहे, फक्त तो शोधावा लागतो. तात्कालिक पेस स्क्रीनवरून काढून टाका आणि त्या जागी लॅप पेस लावा. लॅप म्हणजे धावण्याचा एक टप्पा, आणि लॅप पेस त्या चालू टप्प्याची सरासरी दाखवतो. अर्धा किलोमीटर झाल्यावर बघितलेला लॅप पेस मला खरा वाटतो, शंभर मीटरवर बघितलेला नाही.

आता हृदयाचे ठोके. इथे थोडं थांबायला हवं, कारण नवशिक्यांचा खरा गोंधळ इथेच होतो. घड्याळ ठोक्यांचे पाच झोन, म्हणजे सोप्यापासून कठीणपर्यंतचे पट्टे, पाडतं आणि सोप्या धावण्यासाठी दुसऱ्या झोनमध्ये राहा म्हणतं. ते झोन काढले जातात तुमच्या कमाल ठोक्यांवरून, आणि कमाल ठोके, तुम्ही स्वतः भरले नाहीत तर, बहुधा 220 वजा वय या सूत्रावरून. माझे आले 172. हे सूत्र 1971 च्या एका लेखातून पसरलं आणि ते फार तर एक ढोबळ सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत 20 चा फरक सहज असू शकतो. मी निवांत धावत असते तेव्हा ठोके 145 च्या आसपास असतात, आणि घड्याळ सांगतं की मी चौथ्या झोनमध्ये, म्हणजे कठीण पट्ट्यात आहे. त्याचं ऐकलं असतं तर मी धावलेच नसते, नुसती चालले असते. ज्यांना ठोके कमी ठेवणारी बीटा ब्लॉकरसारखी औषधं चालू आहेत, त्यांच्यासाठी तर हे झोन निरर्थकच आहेत. त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवावं.

शिवाय मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची हालचाल टिपतो. पट्टा सैल असेल किंवा हात गार पडलेले असतील, तर तो हृदयाचे ठोके सोडून पावलांचा ठेका पकडू शकतो. ठोक्यांचा आकडा आणि मिनिटाची पावलं दोन्ही 160 च्या घरात येऊन तिथेच चिकटली, तर शंका घ्या. थांबा, मानेवर दोन बोटं ठेवून 15 सेकंद मोजा आणि चाराने गुणा. घड्याळ मनगटाच्या हाडापासून एक-दोन बोटं वर, घट्ट बांधल्यावर माझ्याकडे हा प्रकार बराच कमी झाला. छातीचा पट्टा यापेक्षा भरवशाचा, कारण तो हृदयाचा विद्युत संकेतच पकडतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने असा बिनतारी मापक 1982 मध्येच आणला होता, म्हणजे तंत्र जुनं आणि कसाला उतरलेलं आहे. पट्ट्याचा आतला भाग आधी ओला करायला मात्र विसरू नका.

मग वेग कसा सापडला? मी धावताना एकोणीसचा पाढा मोठ्याने म्हणते. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणीस चोक शहात्तर. एवढं सलग म्हणता आलं आणि पुढचा श्वास ओढून घ्यावा लागला नाही, तर वेग बरोबर. दुण्यापाशीच श्वास तुटला तर वेग जास्त, मग घड्याळ काहीही म्हणो. पाढाच हवा असं नाही, कुठलंही लांब वाक्य चालेल. बोलून पाहण्याची ही कसोटी व्यायामशास्त्रातही वापरतात, आणि स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी केलेली 6 (श्रमच नाहीत) ते 20 (कमाल श्रम) ही श्रम मोजण्याची पट्टीही शेवटी माणसाला कसं वाटतंय हेच विचारते. नव्या माणसाने तिथे 11 ते 13 च्या आत राहावं, असं मला वाटतं.

पहिल्या आठवड्यांत हा वेग फार म्हणजे फारच हळू निघतो, आणि तिथे बरेच जण बिचकतात. चालणं सोडून धावावंसं शरीराला आपोआप वाटतं ते साधारण सेकंदाला 2 मीटरच्या आसपास, म्हणजे तोच 8:20 चा पेस. त्याहून हळू धावणं म्हणूनच विचित्र वाटतं. पाय म्हणतात, चालूया की. अशा वेळी पावलं लहान ठेवायची, पाय शरीराच्या जवळ टाकायचा आणि ठेका तसाच राहू द्यायचा. कोणी झपाझप चालत तुमच्या बरोबरीने आलं, तरी तुमचं धावणं धावणंच असतं.

आता या घड्याळाचा सगळ्यात चांगला भाग, ज्याची जाहिरात कुणी करत नाही: इंटरव्हल टायमर. धावणं आणि चालणं आलटून पालटून लावता येतं, आणि वेळ बदलली की मनगटावर थरथर होते, स्क्रीन बघावी लागत नाही. जोश क्लार्क यांनी 1996 मध्ये आखलेल्या ‘काउच टू 5के’ या, बसून राहणाऱ्याला 5 किलोमीटर धावण्यापर्यंत नेणाऱ्या, नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमाची सुरुवात अशीच आहे: 5 मिनिटं भरभर चालणं, मग 60 सेकंद धावणं आणि 90 सेकंद चालणं, असं 20 मिनिटं. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेले जेफ गॅलोवे तर ठरवून मधे मधे चालण्याची पद्धत मॅरेथॉनपटूंनाही शिकवत आले. म्हणजे चालणं हा कमीपणा नाही, तो योजनेचाच भाग आहे. एक धोका मात्र आहे. फक्त 60 सेकंदच धावायचं आहे म्हटल्यावर माणूस सुसाट सुटतो. पाढा त्या मिनिटातही म्हणायचा. शेवटचं मिनिट पहिल्यासारखंच गेलं पाहिजे.

घड्याळाची मला खटकलेली बाजू म्हणजे त्याची शाबासकी. ज्या दिवशी मी धापा टाकत, घसा कोरडा पडेपर्यंत पळाले, त्या दिवशी अ‍ॅपने पदक दिलं. ज्या दिवशी अगदी सुखाने, पाढे म्हणत सगळ्यात लांब गेले, त्या दिवशी ‘परिणाम कमी’ असा शेरा मारला. नव्या माणसाला ही शिकवण घातक आहे, कारण सवय सुखाच्या दिवसांनी लागते. शर्यतीचे अंदाज, ऑक्सिजन क्षमतेचा आकडा, आदल्या दिवसाशी तुलना, हे सगळं मी बंद करून ठेवलं आहे. ऊन असेल किंवा चढ असेल तर त्याच श्रमात पेस मंदावतो, आणि उन्हात लांब धावताना वेग तोच राहूनही ठोके हळूहळू चढत जातात. शेरा मारताना अ‍ॅप यातलं काही लक्षात घेतं, असं मला दिसलं नाही.

बॅटरी चांगली. पट्टा घामाने खाजत नाही. ओल्या बोटांना बटणंच बरी, नुसता टचस्क्रीन घेऊ नका.

घ्यावं का? अजून धावायला सुरुवातच केली नसेल तर थांबा. फोनमधला टायमर आणि एखादा अवघड पाढा पुरेसा आहे. दोन-तीन महिने टिकलात, तर मात्र जरूर घ्या, कारण तेव्हा जुन्या नोंदी बोलू लागतात. तोच रस्ता, तोच पाढा, तसाच सहज श्वास, आणि लॅप पेस मात्र 9 मिनिटांवरून सरकत 8 च्या जवळ आलेला. मी जोर वाढवला नव्हता, हे मला माहीत होतं. वेग खरंच वाढला आहे, हे घड्याळाने दाखवलं. त्या एका कामासाठी मी त्याला पाचपैकी चार तारे देते. पाचवा तारा, पेस आणि ठोके दोन्ही झाकून फक्त वेळ दाखवणारी स्क्रीन त्यांनी नव्या धावणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासून लावून दिली, तर.